तीन बोटांची खूण

परतूरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली चटया टाकून जे अर्जनवीस बसायचे, त्यांत सगळ्यात देखणं अक्षर सांडूचं होतं आणि सगळ्यात वाईट स्वभावही त्याचाच. उर्दू असो की मराठी, त्याच्या हातचा कागद कारकून दोन्ही हातांनी धरायचा. पण एखादा गरजू आला आणि म्हणाला, "तुमीच लिवा काय ते, तुमाला समजतंय," की सांडूचं डोकं फिरलं म्हणून समजा. टाक खाली ठेवून तो विचारायचा, शेत कुणाचं? मार कुणी खाल्ला? मग सांगणारा मी कोण? तो माणूस बोलायचा, सांडू लिहायचा, आणि प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून "बराबर?" असं विचारायचा. समोरच्यानं मान हलवल्याशिवाय पुढची ओळ नाही. तेवढ्या वेळात शेजारचे तीन गिऱ्हाइकं उरकायचे आणि सांडूला वेड्यात काढायचे.

दर पाडव्याला हा माणूस एक मासिक काढायचा. मासिक म्हणजे सोळा पानांची, हातानं लिहिलेली, दोऱ्यानं शिवलेली वही. वर्षाला एक अंक, अंकाची एकच प्रत. नाव 'सांडू'. संपादक सांडू, लेखक सांडू, आत मजकूर काय, तर सांडूचं काय झालं ते. छापायचं तर निजाम सरकारची परवानगी लागायची आणि ती मिळायला सात जन्म लागायचे. हातानं लिहिलेल्याला कुणी विचारत नसे. ती वही परतूरहून वाटूरला जायची, वाटूरहून भोकरदनला, आणि वर्षभरानं तेलकट होऊन, कोपरे झिजून परत यायची. वहीवर चित्र नसायचं, श्रीगणेशा नसायचा. मुखपृष्ठावर गेरूत बुडवलेली तीन बोटं ओढलेली असायची, बस्स. मेंढीच्या पाठीवर ओढतात तशी.

ही खूण कुठून आली ते सांगतो. मला सांगताना राग येतो, तर ज्याच्यावर बेतलं त्याला किती आला असेल ते ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं.

सांडूचा बाप कडूबा वाटूरकडचा धनगर. शंभरेक मेंढरं, बायको आसराबाई, एक घोडं आणि पाठीवरचा संसार. उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखत त्यांना, ज्वारी आपल्याला, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. सांडू आठ वर्षांचा असताना त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सुजला. दोन महिने मेंढरांमागं जाता येईना, म्हणून बापानं त्याला वाटूरच्या मास्तरापुढं बसवलं. बसला तो उठलाच नाही. मास्तरानं जालन्याला धाडलं, जालन्यानं औरंगाबादला. मेंढरांमागं फिरणाऱ्याचं पोर कॉलेजात गेलं, म्हणून वाटूरच्या चावडीवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. निम्मे लोक कौतुकानं बोलत होते आणि निम्म्यांच्या पोटात दुखत होतं.

औरंगाबादेत जालन्याकडच्या कॉलेजातल्या मुलांसाठी चार मोठ्या घरांनी मिळून एक बोर्डिंग काढलं होतं. ऐपतीची मुलं पैसे भरून राहायची. बिनऐपतीच्यांनी कष्ट करून जेवायचं. कुणी पाणी भरायचं, कुणी झाडलोट करायची. सांडूचं अक्षर पाहून व्यवस्थापक बद्रीनाथ मास्तरांनी त्याला दिलं 'नवांकुर'. हे बोर्डिंगचं हस्तलिखित मासिक. मुलांनी लेख द्यायचे, सांडूनं ते सहा प्रतींत उतरवायचे, समास आखायचा, वेलबुट्ट्या काढायच्या, शिवायचं. एक प्रत बोर्डिंगात, बाकीच्या जालन्याच्या वाचनालयापासून परतूरच्या देशमुखांपर्यंत जायच्या. आणि हो, वर स्वतःची ताटवाटी घासायची ती वेगळीच.

'नवांकुर'चा संपादक होता रामराव, त्या चार घरांतल्या परतूरच्या देशमुखांचा मुलगा. त्यानं जन्मात कधी समास आखला नव्हता. पण पहिल्या पानावर संपादक म्हणून त्याचं नाव ठसठशीत असायचं, आणि ते सांडूच काढायचा. वर्गात दोघं एका बाकावर. तरी सांडूनं त्याला 'रामराव, तुम्ही' म्हणायचं आणि त्यानं 'ए सांडू'. मेंढपाळाच्या बासरीवर रामरावानं एक कविता केली होती, ती सांडूनं सहा वेळा लिहिली. कडूबानं उभ्या आयुष्यात बासरीला हात लावला नव्हता. तोंड मोकळं असलं तर तो कुत्र्याला शिव्या घालायचा. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आपलं नाव टाकू का, असं सांडूनं एकदा विचारलं. रामराव हसला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला की पाणी भरणारा घागरीवर नाव टाकतो का?

सन अडतीसचा पौष. संक्रांतीच्या अंकाच्या सहाही प्रती तयार होऊन अंगणातल्या बाजेवर ऊन खात पडल्या होत्या. त्या साली कडूबाची मेंढरं औरंगाबादच्या शिवाराला आली होती, म्हणून तो पोराला भेटायला आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला चंची. मुलं व्हरांड्यात तीळगूळ खात बसली होती. बाजेवरच्या वह्या पाहून कडूबानं विचारलं, ह्या कुणाच्या हातच्या? सांडू म्हणाला, माझ्या. समद्या? समद्या. कडूबानं एकेक वही उचलली, उलटी-सुलटी केली, पानांवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण एकसारखी ओळ कशाला म्हणतात हे त्याला कळत होतं. सांडू आत पाणी आणायला गेला.

तो तांब्या घेऊन बाहेर आला तेव्हा काम होऊन गेलं होतं. कडूबानं चंचीतला गेरूचा खडा दगडावर उगाळला होता आणि सहाही मुखपृष्ठांवर तीन-तीन बोटं ओढली होती. त्याच्या घराण्याची खूण ती. कोकरू कळपाबरोबर चरायला निघालं की त्याच्या पाठीवर तीन बोटं ओढायची, म्हणजे चार कळप एकात मिसळले तरी ज्याचं त्याला मिळतं. पोरानं हातानं घडवलेल्या सहा वस्तू परक्या गावात उघड्यावर पडलेल्या. खूण न करता सोडणारा धनगर तो नव्हे. त्यानं पाणी प्यायलं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो मेंढरांकडं गेला.

तो फाटकाबाहेर पडला मात्र, आणि व्हरांडा फुटला. रामराव हसता हसता जमिनीवर बसला. कुणी बें बें करत बाजेभोवती फिरलं. सांडू तांब्या धरून मध्ये उभा होता. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडं लागले, आता हा काय करतो म्हणून. आणि सांडू हसला. मोठ्यानं हसला, सगळ्यांच्या वर आवाज काढून हसला, म्हणजे आपण त्यांच्यातले ठरू. ठरला नाही, हे वेगळं सांगायला नको.

बद्रीनाथ मास्तरांनी सहाही मुखपृष्ठं नव्यानं करायला लावली. दोन दिवस त्यात गेले. आवरताना सांडूला बाजेखाली बापाची काठी सापडली. धनगर काठी विसरतो हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं ती आपल्या ट्रंकेमागं उभी करून ठेवली.

पाडव्याचा अंक आला. त्याचा समारंभ जालन्याच्या वाचनालयात व्हायचा होता. मोठी माणसं येणार, म्हणून रामरावानं खास विनोदी लेख लिहिला आणि सांडूच्या हातात दिला. लेखाचं नाव, 'आमच्या सहा मेंढ्या'. म्हणाला, "मनाला लावून घेऊ नको, गंमत आहे. आणि अक्षर झकास काढ. सभेत मला यातलंच वाचायचंय."

सांडू कोठीच्या खोलीत बसला. टाक शाईत बुडवला आणि लिहू लागला. 'ज्यांच्या आगमनाची वार्ता त्यांच्या घोंगडीच्या वासाने आधीच दिली होती, असे एक महापुरुष परवा आमच्या अंगणी अवतरले.' ओळ संपली. त्यानं पाहिलं. 'वास' हा शब्द त्याच्या हातानं इतका सुरेख काढला होता की कुठं खोडायला जागा नव्हती. काना सरळ, 'व'चं पोट गोल, सगळं जिथल्या तिथं. बापाची अब्रू चाललीय आणि हात आपला नक्षी काढतोय. सांडूला रामरावाचा राग आला नाही इतका त्या हाताचा आला. दोन वर्षं ह्या हाताला भाकर मिळाली होती, आणि हात भाकरीला जागत होता.

त्यानं पहिला परिच्छेद जसाच्या तसा ठेवला. पान उलटल्यावर दुसऱ्या पानापासून स्वतःचं लिहिलं. सहाही प्रतींत. लपूनछपून काही नाही. दोन दुपारी, दार उघडं टाकून. कुणी डोकावलं नाही, कारण सांडू काय लिहितो ते पाहायची गरज कुणाला कधी वाटलीच नव्हती.

जालन्याची सभा भरली. पुढच्या रांगेत रामरावाचे वडील, देशमुख, फेटा बांधून बसलेले. अध्यक्ष म्हणून एक म्हातारे वकील. सांडू मागं, चपलांजवळ. रामराव उभा राहिला, विनोदी लेख आहे असं सांगितलं, पहिला परिच्छेद रंगवून वाचला. सभा हसली. हसणाऱ्यांकडं पाहतच त्यानं पान उलटलं आणि त्याच ठसक्यात पुढची ओळ वाचून टाकली:

"हा महापुरुष माझा बाप आहे. त्याचं नाव कडूबा."

सभा हसण्यानं फुटलीच. देशमुखाचा पोरगा, देशमुखासमोर, मेंढरंवाल्याला बाप म्हणतो! लोकांनी गुडघ्यांवर थापा मारल्या. देशमुखांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. रामरावाची नजर खालच्या ओळींवर गेली आणि त्यानं वाचायचं थांबवलं. डोळ्यांत काहीतरी गेलं असं तो पुटपुटला. अध्यक्षांनी हसत हसत अंक त्याच्या हातून घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचायला लागले.

आता ऐका, माणसं कशी असतात. अध्यक्ष वाचत होते की ह्या सहा प्रतींतलं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं आहे आणि माझं नाव कुठं नाही, आणि लोक हसत होते. अध्यक्ष वाचत होते की माझा बाप शंभर मेंढ्यांत आपली एक ओळखतो आणि इथं दोन वर्षांत मला कुणी ओळखलं नाही, तरी लोक हसतच होते. विनोदी आहे असं सांगितलं होतं ना! एकदा सांगितलं की झालं. सांडू चपलांजवळ उभा राहून हे ऐकत होता. इतकं स्पष्ट लिहूनही कळत नसेल तर आता काय दगड हाणायचा?

मग ती ओळ आली. "ह्या घोंगडीला वास येतो, खरं आहे. दर उन्हाळ्यात माझ्या बापाची मेंढरं देशमुखांच्या रानात बसतात. त्या लेंड्यांवर पिकलेली ज्वारी पोत्यांनी बोर्डिंगात येते. तिची भाकर आपण सगळे रोज दोन वेळा खातो. तिला कसा वास येतो ते सांगा."

हसू एकदम थांबलं नाही. पुढून थांबत थांबत मागं आलं. शेवटी खिडकीजवळचा एकजण तेवढा हसत होता, त्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं.

संध्याकाळच्या आत सहाही प्रतींतली ती पानं फाडली गेली. बद्रीनाथ मास्तरांनी ती स्वतः फाडली, वाचनालयाच्या पायरीवर बसून, ओळीनं. खाल्ल्या ताटात घाण केलीस, असं ते म्हणाले.

"ताट बी मीच घासत व्हतो, मास्तर," सांडू म्हणाला.

बोर्डिंग सुटलं. परीक्षा महिन्यावर होती, आणि देशमुखांच्या ताटातून उठवलेल्या पोराला औरंगाबादेत दुसरं कुणी ताट वाढेना. कॉलेज तिथंच संपलं. ट्रंक आणि बापाची काठी घेऊन सांडू गाडीनं परतूरला उतरला आणि वाटूरकडं पायी निघाला. फाडलेला मजकूर त्याला तोंडपाठ होता. तो मनातल्या मनात म्हणत चालला, आणि दर वेळी एका जागी अडखळला. सगळ्यांचं सगळं त्यानं लिहिलं होतं. रामरावाचं, मास्तरांचं, भाकरीचं. अंगणात तांब्या धरून सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं, ते मात्र कुठंच नव्हतं. सहाच्या सहा प्रतींतून त्यानं ते वगळलं होतं. रामराव निदान स्वतःच्या बापाला हसला नव्हता.

वाटूरच्या मास्तराच्या ओट्यावर आठ दिवस बसून त्यानं सोळा पानांची वही लिहिली. एकच प्रत. वर नाव घातलं, 'सांडू'. हीच पहिल्या वर्षाची. तिच्या पहिल्या पानावर पहिली ओळ होती, 'माझा बाप फाटकाबाहेर पडला आणि मी हसलो.' मग तो बापाला शोधत निघाला.

कडूबाची मेंढरं वाटूरच्या पलीकडं एका रानात बसली होती. आसराबाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. पोराला पाहून तिनं पिठाचा हात तसाच त्याच्या गालाला लावला आणि आणखी एका भाकरीचं पीठ घेतलं. कडूबा घोंगडीवर बसला होता. सांडूनं काठी पुढं केली.

"बा, ही तुझी काठी. इसरून आल्तास."

कडूबानं काठी घेतली, जमिनीवर टेकून पाहिली.

"इसरलो व्हतो. मंग न्यायला परत आल्तो," तो म्हणाला. "फाटकापसून माघारी गेलो."

"आत का न्हाई आलास?"

"समदे हसून राह्यले व्हते." कडूबा मेंढरांकडं पाहत बोलत होता. "तू बी."

तीन महिने बापाला हे माहीत होतं. तीन महिने तो हे पोटात घेऊन मेंढरांमागं हिंडत होता, एका चकार शब्दानं बोलला नव्हता, आसराबाईलाही नाही. तिचा हात भाकरीवर थांबला यावरून ते कळलं. सांडूला तेव्हा माफी मागावीशी वाटली. त्यानं वही उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आपण हसलो तेही, का हसलो तेही, सभेत काय झालं तेही. सोळा पानं. कडूबा ऐकत बसला. फक्त भाकरीच्या वासाची ओळ आली तेव्हा तो उठला, रानातून बाहेर पडणारी एक मेंढी वळवून आला आणि पुन्हा बसला.

वाचून झालं. मग कडूबानं विचारलं, "त्या सहा वह्या. त्या तुझ्याच हातच्या व्हत्या?"

"व्हय."

"समद्या?"

"समद्या, बा. पयल्या अक्षरापसून."

"मंग मी चुकलो न्हवतो."

"न्हाई," सांडू म्हणाला. "तू बिलकुल चुकला न्हवतास."

कडूबानं मान हलवली. चंची सोडली, गेरूचा खडा काढला, जवळच्या दगडावर थेंबभर पाणी टाकून उगाळला. तीन बोटं बुडवली. वहीकडं हात नेला आणि वहीच्या वर वीतभर अंतरावर तो थांबला. बोटांवरून लाल थेंब घोंगडीवर पडला.

"लावू का?" त्यानं पोराला विचारलं.

पौषात, बोर्डिंगच्या अंगणात, सहा वह्यांवर बोटं ओढताना त्यानं कुणाला विचारलं नव्हतं. सांडूनं दोन्ही हातांनी वही बापापुढं धरली, आणि बापाला ते दोन शब्द विचारावे लागले, याचा राग त्याला जन्मभर पुरला.